धुऊ नकोस

चंदीगड, सेक्टर २०
रविवार, १४ मार्च १९७६

गजा,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण सोबतचं पार्सल उघड. खुशाली विचारत नाही. ती मला कळली आहे. सोलापूरच्या आपल्या गल्लीतला विश्राम, टेलिफोन खात्यातला, बदली होऊन इथं आलाय. परवा जेवायला आला आणि भाताचा पहिला घास घ्यायच्या आत बोलला, "आक्का, गजाभाऊ सोमवारी गिरणीचा जिना चढताना मध्येच बसतो. छाती आवळते म्हणतो. शनिवारपर्यंत बरा होतो, परत सोमवार आला की तेच. मुकादम सगळ्यांसमोर म्हणतो, याची रविवारची अजून उतरली नाही."

तू जन्मात थेंब घेतला नाहीस. हे त्या मुकादमाला सांगायला कुणाला तोंड नाही का? की कापूस पिंजायच्या खात्यात यंत्रं इतकी खडखडतात की कुणाला कुणाचं ऐकूच जात नाही?

तीन वर्षं तू बोलत नाहीस. नको बोलूस. मीही काही उंबऱ्यात डोळे लावून बसलेली नाही. पण विश्राम गेल्यावर मला जेवण गेलं नाही, म्हणून ही खटपट.

पार्सलमध्ये मुसकी आहेत. खळ्यावर बैलाला बांधतात ना, तसली, फक्त माणसाच्या नाकातोंडाची. इथं मास्क म्हणतात. मी शिवलीत. तुझे दाजी ज्या सरकारी प्रयोगशाळेत फिटर आहेत तिथं हे नवं काम निघालंय. प्लास्टिक औषधात विरघळवून पातळ करतात, बारीक नळीतून सोडतात आणि त्याला विजेचा जबर दाब देतात. थेंब खाली पडायच्या आत त्याचे तंतू होतात, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. समोर एक डबा फिरत असतो, त्यावर ते बसतात. जत्रेत म्हातारीचे केस करतात तसंच दिसतं, फक्त खायचं नाही. डब्यावरून ती साय सोलून काढायची. तिच्यातून वारा जातो, धूळ जात नाही. मलमलीच्या दोन पदरांत ती घालून कडेनं शिवायचं हे माझं काम. घरात मशीन आहे म्हणून मला मिळालं.

ही मुसकी इथल्या इंडस्ट्रियल एरियात एका ओतकामाच्या कारखान्यात कामगारांना वापरून बघायला द्यायची आहेत. थोडी साय उरली होती, ती ग्रेवाल साहेबांना विचारून घेतली. ग्रेवाल साहेब म्हणजे दाजींचे वरचे. विचारून घेतली हे शैलजाला सांग, नाहीतर तुझ्या बायकोला वाटायचं नणंदेनं सरकारी माल पळवला.

साहेब म्हणतात, एकदा वापरायचं आणि फेकून द्यायचं. यांना काय जातंय सांगायला! नव्या मलमलीचं कापड, एवढी बारीक शिवण, ते काय केळीचं पान आहे? शैलजाला म्हणावं, घालायच्या आधी एकदा धुऊन घे, किती जणांचे हात लागलेत. आणि रोज साबणानं स्वच्छ धुऊन उन्हात वाळत घाल. वर्षभर जातील.

उद्या सोमवार आहे. उद्या काही पार्सल पोचत नाही. पुढच्या सोमवारी बांध.

आक्का


चंदीगड
रविवार, २५ एप्रिल

गजा,

नयनाचं कार्ड आलं. तुझं नाही. पोरीचं अक्षर मोत्यासारखं आहे. माझं बघ, तिसरीतून घरी बसवलं तेव्हा होतं तिथंच थांबलंय.

तिनं लिहिलंय की पहिल्या दिवशी तू मुसकं बांधून गेलास तर सगळं खातं हंबरलं. "कुणी तरी बाबांच्या टेबलावर गवताची पेंढी ठेवली होती, आत्या." हसू दे. आता त्यातलेच दोघं मागायला लागलेत म्हणे. देऊ नकोस, तुला पुरायची नाहीत.

तिनं असंही लिहिलंय की पहिल्या दिवशी घाईत न धुताच बांधलेलं मुसकं संध्याकाळी पिवळट काळं झालं होतं, आई घाबरली, मग धुतलं. दुसरं घातलं, ते आधीच धुतलेलं होतं, तर ते पांढरंच राहिलं. आता कितीही वेळ बांधलं तरी पांढरं स्वच्छ राहतं. वाचून बरं वाटलं. गिरणीवाल्यांनी पंखे बिंखे बसवले असतील, सुचलं म्हणायचं एकदाचं. दाजींना कार्ड वाचून दाखवलं. ते सायकलची चेन पुसत होते. "हं," म्हणाले. त्यांचं हं म्हणजे ऐकलं नाही.

आणि गिरणीच्या डॉक्टरांनी तुला कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात जायला सांगितलं होतं, पगार थोडा कमी, पण धूळ नाही. आणि तू म्हणालास, "आक्कानं मुसकं पाठवलंय, आता कशाला जायचं?" हे पोरीनं लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं. तू माझं नाव तरी घेतोस. मी कार्ड देवाजवळ ठेवलं. शेजारच्या सरदारणीलाही सांगून आले, माझ्या भावाची छाती माझ्या हातच्या शिवणीवर चालते म्हणून. तिला अर्धं कळलं, पण तिनं लस्सी दिली.

नयनाचं कुठं बघताय का? माझ्या अविनाशचं मला परत विचारू नकोस. मामाची मुलगी आत्याच्या घरात द्यायची, हे तू तिच्या बारशापासून धरून बसलास, मी नाही म्हटलं आणि तू माझी भाऊबीज बंद केलीस. मी जमत नाही म्हटलं. जमत नाही म्हणजे जमत नाही. त्याच्यापुढं मला काही लिहायचं नाही.

आक्का


चंदीगड
रविवार, ३० मे

गजा,

मुसकं धुऊ नकोस. धुतलेलं एकही बांधू नकोस, सगळी चुलीत घाल. आणि उद्या पिंजायच्या खात्यात पाय ठेवू नकोस. डॉक्टरांकडे जा, म्हण, ते घड्यांचं खातं द्या.

आता कारण सांगते. बाहेर आंधी चालू आहे, दारं लावली तरी रेती कागदावर येते, अक्षर घसरतंय, समजून घे.

परवा कारखान्यात वापरलेली मुसकी तपासायला परत आली. काही काळीकुट्ट, काही पांढरी झक. मी शिवलेला नवा गठ्ठा द्यायला गेले होते. मला वाटलं, चला, कुणी तरी नीट वापरलीत. तर ग्रेवाल साहेब पांढरी हातात घेऊन ओरडतायत, "किसने धोया? किसने कहा था धोने को?" कामगारांच्या बायकांनी धुतली होती, दुसरं कोण धुणार? मी म्हटलं, "साहब, गंदा कपडा मुँह पे कौन बांधेगा? आपके घर में बांधते हैं क्या?" साहेबांनी हातातलं मुसकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "बहनजी, इधर आइए."

तिथं एक काचेची पेटी आहे. मध्ये मुसकं ताणून बसवतात. एका बाजूनं उदबत्तीचा धूर सोडतात, यंत्र तो मुसक्यातून ओढतं आणि पलीकडच्या बाजूला दिव्याची एक तिरीप सोडतात. आधी नवं बसवलं. पलीकडे हवा इतकी निर्मळ, की तिरीप दिसेचना. मग धुतलेलं बसवलं. तिरीप भस्सकन पेटली, गजा. तिच्यात धूर नाचत होता. आपल्या स्वयंपाकघरात सकाळी कौलातून ऊन यायचं आणि चुलीचा धूर त्यात दिसायचा ना, अगदी तसा.

साहेब म्हणाले, "जो मैला हुआ, उसने काम किया. जो सफेद रहा, उसने सब कुछ अंदर जाने दिया."

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला नयनाचं कार्ड आठवलं. पांढरं स्वच्छ राहतं.

त्या तंतूंत वीज भरलेली राहते म्हणे. इथं थंडीत टेरिलीनचा सदरा काढताना चटचट वाजतो, कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो, तसं ते मुसकं धूळ ओढून धरतं. साबणपाणी लागलं की ती ओढ संपली. वरून कापड तसंच दिसतं. आतून नुसती चाळण. दोन महिने तू चाळण बांधून कापसाच्या धुळीत उभा आहेस, आणि मुसकं आहे म्हणून पिंजणीच्या आणखी जवळ जात असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

शैलजाला धुवायची हौस पहिल्यापासूनच. लग्नाचा शालू दुकानातून आणला तो धुऊन नेसली होती, त्याचा रंग करवलीच्या साडीला लागला, विसरले नाही मी. आणि दाजी! रोज त्या डब्यापाशी उभे असतात, यांना एकदा बोलायला काय झालं होतं?

सोमवारचं पण विचारलं. कारखान्यातल्या लोकांच्या छात्या तपासायला मोठ्या इस्पितळातल्या एक डॉक्टरीणबाई येतात. त्यांना सांगितलं, माझा भाऊ सोमवारी जिन्यावर बसतो. त्यांनी लगेच विचारलं, "रुई में काम करता है?" मी गिरणीचं नावही काढलं नव्हतं. त्या म्हणाल्या, कापसाच्या धुळीचं दुखणं असंच सुरू होतं. सुट्टी झाली की पहिल्या दिवशी छाती धरते. या टप्प्याला माणूस धुळीतून बाहेर पडला तर सुटतो. राहिला तर सोमवारचा मंगळवार होतो, मग सगळे वार तसेच. मग घरी बसलं तरी सुटत नाही.

तुझा अजून सोमवारच आहे ना? एवढं तरी कळव.

आक्का


चंदीगड
रविवार, २० जून

गजा,

नयनाचं पत्र आलं. या वेळी कार्ड नाही, चांगलं पाकीट. म्हणजे पोस्टमननं वाचू नये असं काही तरी होतं.

तू म्हणालास, "आक्कानं आधी दिलं, आता काढून घेते. पोरगा द्यायचा म्हणाली आणि काढून घेतला, तसंच." ठीक आहे. आणि शैलजा म्हणाली, "धुवा म्हणून कुणी लिहिलं होतं? काढ ते मार्चचं पत्र."

काढायला नको. मीच लिहिलं होतं. साबणानं, रोज, उन्हात. मागच्या पत्रात मी तिच्यावर ढकललं, कारण मला ते झेपेना. साहेबांनी एकदा वापरून फेका म्हटलं होतं आणि मला वाटलं, या लोकांना कापडाची किंमत कळत नाही. शैलजाला म्हणावं, शालूचं पण मागे घेते. रंगच कच्चा होता.

आता कामाचं. तू निरोप दिलास की नवी मुसकी पाठव, या वेळी धुणार नाही, खातं काही बदलत नाही. गजा, नवी माझ्या मशीनवर पडलीत. उद्या सेक्टर सतराच्या पोस्टात टाकली तर आठवड्यात तुझ्या दारात येतील. मी पाठवणार नाही.

ऐक, लगेच पत्र फेकू नकोस. नवं मुसकं खरंच काम करतं, मी पेटीत पाहिलंय. पण ते पूर्ण पाळीभर टिकत नाही, कापसाच्या धुळीनं बुजतं. घाम आला की नाकापाशी ढिलं होतं, मग कडेनं धूळ आत येते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्याची छाती धरायला लागली त्याला मुसकं देऊन परत धुळीत पाठवायचं नसतं. तू ते बांधून तिथंच उभा राहशील आणि सगळ्यांना सांगशील, आक्कानं पाठवलंय. माझ्या नावावर तू तिथं उभा राहायला नको मला. पगार कमी येईल, तर येईल. शैलजा भागवेल, ती माझ्यापेक्षा हुशार आहे त्यात. तू राग धर. धरलेलाच आहेस, त्यात आणखी थोडा.

आणि अविनाशचं. लिहिणार नाही म्हटलं होतं, पण नयना, तू हे वाचून दाखवतेस हे मला ठाऊक आहे, तेव्हा इथून पुढं तूच ऐक, तुझ्या बाबाला ऐकायचं तर ऐकू दे.

अविनाश सहावीपासून इथल्या पोरांत वाढला. इथं मामाची मुलगी म्हणजे सख्खी बहीण. त्यांच्यात लग्नाचं नुसतं नाव काढलं तर माणसं कानावर हात ठेवतात. मी त्याला तुझं विचारलं, तेव्हा तो ताटावरून उठला. "आई, वो मेरी बहन है यार! तू पागल हो गई है क्या?" आईला यार म्हणतो, तेही जाऊ दे. मी शेजारच्या सरदारणीला सांगायला गेले, आमच्यात हे चालतं, चांगलं मानतात. तिनं ओढणी तोंडावर धरली. मला लाज वाटली. पोराची वाटली की आपल्या रीतीची, तेच मला धड कळलं नाही. हे तुझ्या बाबाला कुठल्या तोंडानं लिहायचं? म्हणून दोन शब्द लिहिले, जमत नाही. त्यानं समजून घेतलं की सरकारी क्वार्टरमध्ये राहून आक्का चढली, गिरणीवाल्याची पोर तिला नको. तसं नव्हतं गं. तुझ्यात काडीची खोट नाही. तीन वर्षं तुला कुणी काही बोललं असेल तर ते माझ्यामुळं.

आता परत तू, गजा. खातं बदललंस की ती जुनी मुसकी परत पाठव, जाळली नसशीलच. पत्र नको, गोड शब्द नकोत. नुसती मुसकी आली की मी समजेन.

आक्का


चंदीगड
रविवार, १८ जुलै

गजा,

काही आलं नाही.

पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो. "आज भी नहीं, माताजी." मी त्याची माताजी नाही, त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेन फार तर.

कारखान्यातल्या नव्या मुसक्यांवर ग्रेवाल साहेबांनी शिक्का मारलाय, हिंदीत आणि पंजाबीत, धुऊ नये म्हणून. परवा एक परत आलं. बाईनं धुतलं होतं आणि शिक्का जात नव्हता म्हणून घासून घासून काढला होता. साहेब डोकं धरून बसले. मला हसू आलं नाही. मी त्या बाईला ओळखत नाही, पण ती कोण आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

इथं उकडतं. कंबर मशीनवर बसून दगड झालीय. दाजी म्हणतात, "तू लिहिलंस ना, आता तो आणि त्याचं नशीब." मी म्हटलं, नशीब काय जिना चढतं का? सोलापूरला जाऊन येते म्हटलं, तर म्हणाले, दार उघडलं नाही तर परत यायला गाडी दुसऱ्या दिवशी आहे. बरोबर आहे त्यांचं. तरी पिशवी काढून ठेवलीय.

उद्या सोमवार.

आक्का


चंदीगड
सोमवार, १६ ऑगस्ट

गजा,

पार्सल गुरुवारी आलं. राखीपौर्णिमा होऊन गेल्यावर. पोस्टमननं लांबून हात वर केला, मी हातातलं पीठ तसंच घेऊन फाटकापर्यंत पळाले. सुतळी सुटेना, दातांनी तोडली.

एकही कमी नाही. एकावर एक, रुमालासारख्या घड्या घालून, इस्त्री करून. आणि धुऊन! नीळसुद्धा घातलीय. शैलजाला म्हणावं, धन्य आहे तुझी.

आतल्या वर्तमानपत्राच्या कडेला तुझं अक्षर होतं. ते मी आधी पाहिलंच नाही, कागद चुलीपाशी टाकला होता, दाजींनी उचलला. "पहिल्या तारखेपासून घड्यांच्या खात्यात आहे. जिना अजून एका दमात होत नाही. हिला म्हटलं धुऊ नको, आक्का चिडेल. म्हणते, माणसाच्या घरी मळकं कसं पाठवू." तीन वर्षांनी तू मला पत्र लिहिलंस, तेही बाजारभावांच्या बाजूला. दाजींनी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "ही मुसकी आता सायकल पुसायला बरी." मी त्यांच्या हातातून काढून घेतली. कशालाही बरी नाहीत ती. कपाटात ठेवलीत.

घड्यांच्या मध्ये कागदात राखी होती. वर लिहिलं होतं, अविनाशदादास. पोरीनं स्वतःच गाठ सोडवली आणि स्वतःच बांधली. मोठ्यांना जमलं नाही ते. तिला माझा आशीर्वाद सांग. म्हणजे सांगायला नको, तीच वाचतेय.

अविनाश बँकेतून आला, त्याच्यापुढं धरली. त्यानं नाव वाचलं, मनगट पुढं केलं, "बांध ना." मी बांधली. शुक्रवारी ती घालून सेक्टर सतराच्या बँकेत गेला. तिथं कुणी तरी हसलं, राखी तर सोमवारीच झाली की. हा म्हणाला, "दूर से आई है यार. टाइम लगता है." संध्याकाळी मला येऊन सांगत होता, मराठीत सांगायचा प्रयत्न करत होता. मधेच अडकला. मी मदत केली नाही.

डॉक्टरीणबाईंना तुझं सांगितलं. त्या म्हणाल्या, धुळीतून बाहेर पडला ते चांगलं केलं. गेलेलं सगळं परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. दर महिन्याला डॉक्टरांना दाखव. विडी ओढणाऱ्यांच्यात बसू नकोस.

दिवाळीला येईन म्हणत नाही. तू बोलाव, मग बघू. पिशवी अजून खाली काढलेलीच आहे, परत वर ठेवायचा कंटाळा आलाय.

आज सोमवार. मशीनवर गठ्ठा पडलाय, पण आधी हे लिहायला बसले. तू आत्ता जिन्यावर असशील. बस तिथं. कुणी काही म्हणालं तर म्हणू दे. वर नुसतं घड्यांचं कापड आहे, ते कुठं पळून जात नाही. दम घे, आणि मग चढ.

तुझी
आक्का